गप्प तार, बोलकी डबी

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. टेबलावर पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर होता, त्याच्या शेपटीतून चार तारा निघाल्या होत्या, त्यातल्या दोन पंजाएवढ्या पांढऱ्या डबीत स्क्रूने आवळल्या होत्या, आणि डबी लॅपटॉपला जोडलेली होती. मी डबीला सांगत होते, विचार त्याला. डबी विचारत होती. पलीकडून काही म्हणजे काही येत नव्हतं. दोन चहा, एक चिडचिड आणि संध्याकाळ.

काम ऐकायला सोपं होतं. टाकी आवाराच्या दुसऱ्या टोकाला, मधे रस्ता. सेन्सर तारेवर बोलणारा, पण तार ओढायची तर रस्ता खोदावा लागणार. म्हणून मधे ही डबी, म्हणजे वायरलेस कन्व्हर्टर. ती टाकीजवळ बसणार, तारेवरून सेन्सरला पातळी विचारणार, आलेलं उत्तर हवेतून इकडे पाठवणार आणि बॅटरीवर चालणार. दुभाष्याचं काम. दुभाष्याला दोन्ही भाषा याव्या लागतात आणि त्या शिकवायच्या आपण, याचा अंदाज मला डबी उघडल्यावर आला.

या एवढ्याशा डबीत किती काळ एकावर एक बसले आहेत, याची मला अजून गंमत वाटते. तारेवरचा वेग ‘बॉड’मधे मोजतात. तो शब्द एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र-अभियंत्याच्या नावावरून आला, आणि त्याने आपल्या संकेतपद्धतीचं पेटंट घेतलं ते १८७४ साली. सेन्सर जी भाषा बोलतो ती मॉडबस; ती मोडिकॉन कंपनीने १९७९ मधे कारखान्यातल्या नियंत्रकांसाठी आणली. डबीला हुकूम द्यायचे तर प्रत्येक ओळ ‘एटी’ने सुरू करायची. ही दोन अक्षरं १९८१ च्या हेज मोडेमची, ‘अटेन्शन’ची सुरुवात. म्हणजे डबीला आजही आधी ‘सावधान’ म्हणावं लागतं. आणि हे सगळं शेवटी लोरा नावाच्या, तुलनेने कालपरवाच्या रेडिओवर चढून जाणार. यातलं कुणीही निवृत्त झालेलं नाही.

तर शांतता.

मॉडबसमधे सेन्सर स्वतःहून कधी बोलत नाही. विचारल्यावरच बोलतो, तेही त्याच्या पत्त्याने विचारलं तर, त्याच्या वेगाने विचारलं तर आणि प्रश्न शेवटच्या अक्षरापर्यंत शाबूत पोचला तर. प्रश्नाच्या शेवटी दोन बाइटची सीआरसी असते, आधीच्या सगळ्या बाइटवरून काढलेली एक पडताळणी. ती जुळली नाही की सेन्सर ‘पुन्हा सांगा’ म्हणत नाही, कुरकुरही करत नाही. गप्प बसतो. वेग चुकला तरी गप्प, पॅरिटी (प्रत्येक अक्षरामागचा तपासणीचा बिट) चुकली तरी गप्प, पत्ता दुसऱ्याचा असला तरी गप्प, तार सुटलेली असली तरी गप्प. या सगळ्या चुकांना एकच उत्तर, आणि ते उत्तर म्हणजे उत्तर नसणं. त्या संध्याकाळी मला हा फार उद्धट कारभार वाटला होता.

आता वाटत नाही. पण ते पुढे येईलच.

माझ्यापेक्षा या कामात मुरलेल्या एका सहकाऱ्यांना फोन केला. मी सगळं सविस्तर सांगायला लागले, वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, वगैरे. त्यांनी मधेच तोडलं. “ए आणि बी उलटं करून बघितलंत का?”

“पण सर, ए ला ए आणि बी ला बीच जोडलंय.”

“म्हणूनच म्हणतोय.”

सेन्सर ज्या तारांच्या जोडीवरून बोलतो त्या जोडणीच्या मानकाला आरएस-४८५ म्हणतात, आणि त्या दोन तारांची नावं ए आणि बी. त्याची गंमत अशी की त्यात दोन तारांमधला फरक वाचला जातो. एकीवरचा दाब वर, दुसरीवरचा खाली. कोण वर आहे त्यावरून शून्य की एक ते ठरतं. २०० मिलिव्होल्ट एवढा फरकही पुरतो. बाहेरून आलेला विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, त्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो. म्हणून तर संथ वेगाने ही जोडी १२०० मीटरपर्यंत धावते. इतकी सुरेख कल्पना. आणि मग मूळ मानकाने ज्या तारेला ए म्हटलं, तिला बऱ्याच चिप बनवणाऱ्यांनी बी म्हटलं. दोघांचीही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर. सेन्सरवाल्याची ए ही डबीवाल्याची बी असू शकते, आणि ते कळण्याचा खात्रीचा उपाय उलटं जोडून पाहणं हाच. उलट जोडल्याने सहसा काही जळत नाही, फक्त प्रत्येक बिट उताणं पडतं आणि सेन्सर, अर्थातच, गप्प बसतो.

मी उलटं केलं. तरीही काही नाही.

मल्टिमीटर काढला. दोन्ही तारा ठीक, पण सेन्सरची काळी तार डबीच्या जमिनीला (ग्राउंडला) जोडलेलीच नव्हती; सेन्सर स्वतःच्या अडॅप्टरवर, डबी लॅपटॉपवर, आणि दोघांची ‘शून्य’ कशाला म्हणायचं यावर सहमतीच नाही. ‘दोन तारांचं काम’ असं सगळे म्हणतात, पण ही तिसरी तार विसरली की दोन टोकांमधला फरक सहन करण्याची मर्यादा (उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट) कधी ओलांडली जाईल सांगता येत नाही. काळी तार जोडली आणि पडद्यावर पहिल्यांदा पाच बाइट उमटले.

०१ ८३ ०२, आणि मागे दोन बाइटची सीआरसी. (हे आकडे सोळाच्या पायातले, म्हणजे हेक्स; त्यात ए ते एफ ही अक्षरंही अंक असतात.)

हे नकाराचं उत्तर होतं. मी ०३ क्रमांकाचं काम सांगितलं होतं, म्हणजे रजिस्टर, सेन्सरमधला आकडा ठेवायचा खण, वाचून दे. चूक झाली की सेन्सर त्याच क्रमांकात ८० मिळवून परत पाठवतो आणि पुढे कारण देतो. ०२ म्हणजे तू विचारतेस तो पत्ता माझ्याकडे नाही. इतक्या आनंदाने मी आयुष्यात दुसरा कुठला नकार स्वीकारलेला नाही. तार बरोबर, वेग बरोबर, सेन्सरचा पत्ता बरोबर, सीआरसी बरोबर. फक्त मी चुकीच्या खोलीचं दार वाजवत होते. घरात माणूस आहे!

खोली का चुकली, तर माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं रजिस्टर ४०००१. मी निरागसपणे ४०००१ च घातलं, आणि डबीने ते ९सी४१ करून पाठवलं. वास्तविक त्यातला पहिला ४ म्हणजे ‘होल्डिंग रजिस्टर’ या जातीची खूण. आणि मोजणी माणसांसाठी एकपासून, तारेवर शून्यापासून. ४०००१ म्हणजे तारेवर ००००. ही एकाची तफावत १९७९ पासून लोकांना छळते आहे आणि काही पुस्तिका ती गृहीत धरतात, काही धरत नाहीत, काही एकाच तक्त्यात दोन्ही करतात. खरा प्रश्न असा निघाला: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. एक नंबरच्या सेन्सरा, शून्यापासून दोन रजिस्टरं वाचून दे. आठ बाइट, ९६०० च्या वेगाला जेमतेम ८.३ मिलिसेकंद. एवढ्यासाठी दीड दिवस.

टाकीत पातळीखेरीज पाण्याचं तापमान मोजणारा आणि झाकणाजवळ हवेचा आणखी एक असे एकूण तीन सेन्सर एकाच तारेवर बसवायचे होते. तारेवर ते एकामागोमाग एक, माळेसारखे असावे लागतात. मधूनच फांद्या फोडल्या की लाटा टोकावर आपटून परततात आणि अक्षरं विरतात. लांब तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा रोध लावतात तो त्यासाठीच. माझी तार जेमतेम सहा मीटर, म्हणून मी रोध लावला नाही. बॅटरीवरच्या डबीला तो रोध म्हणजे बोलताना उगाच वाहणारा करंट. यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. सहा मीटरवर, ९६०० च्या वेगाला, मी तो वाद घालत नाही.

पण तिघांचा पत्ता कारखान्यातून एकच आला होता: १. मॉडबसवर पत्ते १ ते २४७, आणि बहुतेक सगळे जन्मतः १. दोघांना एकत्र जोडून विचारलं तर दोघंही एकदम बोलतात आणि हातात चिखल येतो. मग मी शहाणपणा केला. ० हा सर्वांसाठीचा पत्ता असतो, हे नुकतंच वाचलं होतं. मी ० वर हुकूम सोडला, पत्ता बदलून २ कर. तिन्ही सेन्सर जोडलेलेच होते. तिघांनीही निमूटपणे पत्ता २ केला.

मग एकेकाला वेगळं काढून, एकट्याला टेबलावर घेऊन, नाव ठेवत बसले. पत्ता बदलला की वीज काढून पुन्हा द्यायची, नव्या पत्त्यावर हाक मारून खात्री करायची, आणि लगेच अंगावर चिकटपट्टी लावून आकडा लिहायचा. चिकटपट्टी सर्वांत महत्त्वाची. स्मरणशक्तीवर विसंबून ठेवलेले पत्ते मी यापूर्वी गमावले आहेत.

इथपर्यंत मला वाटत होतं की या कामातला शत्रू म्हणजे शांतता. उत्तरं यायला लागली आणि शत्रू बदलला.

तापमानाचा सेन्सर ०.० सांगत होता. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी काही गोठलेलं नव्हतं. पण शून्य हा फार सभ्य आकडा आहे. पहिल्यांदा बघून कुणालाही वाटेल की सेन्सर अजून सुरू व्हायचा असेल. मी कच्चे बाइट काढले: ०० ०० ४१ सी८. मॉडबसचं रजिस्टर १६ बिटांचं. दशांशाचा ३२ बिटी आकडा दोन रजिस्टरांत मोडून ठेवतात, आणि कुठला अर्धा आधी ठेवायचा हे मानकाने ठरवून दिलेलं नाही. या सेन्सरने उत्तरार्ध आधी ठेवला होता. दोन भाग अदलाबदल केले की ४१ सी८ ०० ००, म्हणजे बरोबर २५.०. जसेच्या तसे वाचले तर दशांशचिन्हानंतर चाळीस शून्यं असलेला एक आकडा, जो पडद्यावर ०.० दिसतो. उत्तर खरं, सीआरसी खरी, तारा खऱ्या, आणि आकडा साफ खोटा.

हवेच्या सेन्सरने उलट प्रकार केला. त्याला बर्फाच्या डब्यात ठेवलं तर तो ६५५३.१ अंश सांगू लागला. उणे आकडा १६ बिटांत पूरक रूपात ठेवतात. एफएफएफबी म्हणजे उणे ५, दहाने भागून उणे अर्धा अंश. डबीला ‘हा आकडा उणेही असू शकतो’ हे सांगायचं राहिलं होतं. ही चूक मला आवडते. ती इतकी मोठ्याने ओरडते की तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मला भीती ०.० ची वाटते.

आणि ते ०.० पुन्हा आलं, वेगळ्या दारातून.

टेबलावर तिन्ही सेन्सर अडॅप्टरवर चालत होते, कायम जागे. टाकीवर वीज नाही. तिथे डबी आपल्या ३.६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीतून १२ व्होल्ट तयार करते, विचारण्याच्या आधी थोडा वेळ सेन्सरला देते आणि उत्तर मिळालं की काढून घेते. हा ‘थोडा वेळ’ किती, हेही आपणच सांगायचं. मूळ रचनेत तो १०० मिलिसेकंद होता. तेवढ्यात पातळीचा सेन्सर डोळेही उघडत नव्हता: शांतता. ५०० केले, उत्तर आलं: पातळी ०. सेन्सरचा मेंदू जागा झाला होता आणि बोलायलाही लागला होता, पण मोजणारा भाग अजून स्थिरावला नव्हता, म्हणून रजिस्टरात जे होतं ते त्याने दिलं. तीन सेकंद दिले तेव्हा खरी पातळी आली. म्हणजे १०० ला प्रामाणिक मौन, ३००० ला प्रामाणिक उत्तर, आणि मधे एक पट्टा असा की जिथे सेन्सर झोपेत ‘हो हो’ म्हणतो. टाकी भरलेली असताना रिकामी सांगतो. त्या आकड्यावर पंप चालू करणारं काही जोडलेलं असतं तर?

मी वेळ पाच सेकंद ठेवला. मग हिशेब केला आणि बसले. तिघांचा मिळून १२ व्होल्टवर ३० मिलिअँपिअर म्हणजे बॅटरीतून, वाढवतानाची गळती धरून, साधारण १२० मिलिअँपिअर. पाच सेकंद, दर दहा मिनिटांनी: दिवसाला २४ मिलिअँपिअर-तास. बॅटरी ८५०० ची. कागदावर वर्षभरही नाही, आणि थंडी-म्हातारपण अजून धरलेलंच नाही. दर मिनिटाला विचारलं असतं तर पाच आठवडे. रेडिओचा खर्च यात मी मांडलाही नाही, कारण तो या तुलनेत किरकोळ होता. लोक वायरलेस म्हटलं की हवेतल्या खर्चाची काळजी करतात. माझ्या डबीत बॅटरी खात होती ती तारेची बाजू. शेवटी साडेतीन सेकंद आणि अर्ध्या तासाने एकदा, यावर तडजोड झाली. टाकी काही मिनिटागणिक रिकामी होत नाही.

रेडिओच्या बाजूबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ती पहिल्याच दिवशी चालली. एवढंच की लोरावॅनच्या (लोरावर चालणाऱ्या जाळ्याच्या नियमांच्या) ‘ए’ वर्गातली डबी बोलून झाल्यावर एक सेकंदाने आणि मग दोन सेकंदांनी क्षणभर कान उघडते, आणि पुन्हा झोपते. आपण पाठवलेला हुकूम ती पुढच्या वेळी बोलेल तेव्हाच ऐकणार. अर्ध्या तासाची पाळी ठेवली असेल तर चुकीची सेटिंग दुरुस्त करायला अर्धा तास थांबा, आणि ती दुरुस्तीही चुकली असेल तर आणखी अर्धा. यामुळे माणूस टेबलावरच नीट विचार करायला शिकतो. आणि संथ वेगाला एका संदेशात जागा कमी, युरोपच्या पट्ट्यात सर्वांत संथ वेगाला ५१ बाइट, म्हणून बरेच जण डबीतच आकडा काढून फक्त तो पाठवतात. मी तसं करत नाही. मी सेन्सरचे कच्चे बाइट जसेच्या तसे पाठवते आणि अर्थ इकडे सर्व्हरवर लावते. अर्थ लावण्यात चूक निघाली तर मागचे सगळे आकडे नव्याने वाचता येतात. डबीने आधीच ०.० करून पाठवलं असतं तर त्या ०.० मधून २५ पुन्हा काढता आले नसते.

हे सगळं करून डबी टाकीवर बसली. आलेख उमटू लागला. सकाळी पातळी उतरे, दुपारी स्थिर, रात्री चढे. मी दिवसातून चारदा बघायचे, मग एकदा, मग आठवण झाली की.

एका आठवड्यात आलेख सपाट दिसला. १.८२ मीटर. दुसऱ्या दिवशीही १.८२. मला वाटलं, सुट्ट्या आहेत, पाणी वापरलं जात नसेल. चांगलंच आहे. तिसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन सांगितलं की नळाला पाणी नाही.

टाकीवर जाऊन बघितलं. पाणी तळाशी होतं आणि सेन्सरची तार टर्मिनलमधून निसटून लोंबत होती. वाऱ्याने हलून हलून स्क्रू सैल झाला असावा. सेन्सर तीन दिवस गप्प होता, आपल्या नियमाप्रमाणे. पण डबी गप्प नव्हती. डबी दर अर्ध्या तासाला विचारत होती, उत्तर आलं नाही की आपल्या आठवणीतलं शेवटचं उत्तर उचलून, तेच ताजं असल्यासारखं, नीट पाकिटात घालून पाठवत होती. वेळेवर, बिनचूक, बॅटरीच्या टक्केवारीसकट. रेडिओची बाजू उत्तम चालली होती. नीट शोधल्यावर सापडलं की असं करू नये यासाठी एक सेटिंग होतं. उत्तर न आल्यास काय पाठवायचं: मागचं उत्तर, की सगळे एफएफ. मूळ रचनेत ‘मागचं उत्तर’ निवडलेलं होतं. आणि मी सत्तावीस सेटिंगं तपासली होती, ही अठ्ठाविसावी.

मी तिथेच टाकीच्या शिडीवर बसून पहिली संध्याकाळ आठवली. सेन्सरने एकाही चुकीच्या प्रश्नाला अंदाजे उत्तर दिलं नव्हतं. मला तो उद्धटपणा वाटला होता. १९७९ मधे ज्यांनी हा नियम केला त्यांच्या तारेच्या पलीकडे यंत्रं चालत होती. अर्धवट ऐकलेल्या हुकमावर काही हलवण्यापेक्षा न हलवणं बरं, हे त्यांना ठाऊक असणार. आणि मी मात्र त्या तारेच्या टोकाला एक अशी डबी बसवली होती, जिला शांतता सहन होत नव्हती.

सेटिंग बदललं. आता उत्तर आलं नाही तर डबी सगळे एफएफ पाठवते, आणि सीआरसी जुळली की नाही याचा एक बाइट सोबत. सर्व्हरवर एफएफ दिसले की आलेखात रेषा तुटते. जोडून पुढे नेत नाही. आमच्या एका सहकाऱ्याला तो तुटका आलेख कुरूप वाटतो, मधली जागा सरासरीने भरून काढूया म्हणाला. मी नाही म्हटलं. आणखी एक पहारा ठेवला: सलग बारा वेळा शेवटच्या अंकापर्यंत तोच आकडा आला तर मला कळव. खऱ्या पाण्याला इतकं स्थिर राहता येत नाही. शेवटचा अंक थोडातरी थरथरतो.

तारांच्या टोकांना आता टोप्या दाबल्या आहेत, स्क्रूही नीट आवळलेत, आणि केबल डबीत शिरते तिथे ताण येऊ नये म्हणून एक पट्टी आहे. हे सगळं पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, ते जाऊ दे.

मागच्या महिन्यात दुसऱ्या टाकीवर अशीच डबी बसवली. सोबतचा मुलगा नवीन होता. सगळं जोडून झालं, आकडा आला, पट्टीने मोजलेल्या पातळीशी जुळला. तो आवराआवर करायला लागला. मी म्हटलं, थांब, अजून एक राहिलंय, आणि टर्मिनलचा स्क्रू सैल करून सेन्सरची तार ओढून काढली.

“ताई, चालत होतं की!”

“हो. आता न चालताना काय सांगतंय ते बघू.”

पाळी तात्पुरती एका मिनिटावर आणली होती. आम्ही दोघं टाकीच्या सावलीत मोबाइलच्या पडद्याकडे बघत उभे राहिलो. एक मिनिट गेलं. मग रेषा तुटली.